बाबागाडीतले वाटाणे

बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, पाठ ओव्हनला टेकलेली, आणि मी त्यांना कारल्याचा रस पाजत होते. अर्धी वाटी गेली होती. अंगाला दरदरून घाम, हात बर्फासारखे गार. डोळे माझ्याकडे होते, पण बघणं दुसरीकडेच. मी म्हणत होते, बाई, तोंड उघडा, आणि त्या शहाण्या मुलीसारखं उघडत होत्या. शुगर वाढली की कारलं द्यायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरात वीस वर्षं मी शुगरचा पेशंट सांभाळला होता. असा घाम आणि असे हात मी त्याआधी एकदा पाहिलेही होते.

शुगर वाढली नव्हती. संपली होती. ते मला ठाऊक नव्हतं.

बाई आमच्या शेजारीण. हॅमिल्टनच्या उत्तरेला रोटोटुना म्हणून भाग आहे, तिथे माझ्या मुलाचं घर. यजमान गेल्यावर काही वर्षांनी त्यानं मला इकडे परदेशात आणलं. तो कॉम्प्युटरचं काम करतो, सून औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, नात शाळेत. सकाळी साडेआठनंतर घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

शेजारी मराठी डॉक्टर राहतात हे कळल्यावर मी तिसऱ्याच दिवशी गुडघा दाखवायला गेले. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं, गुडघा दोन्ही बाजूंनी दाबून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "सूज आहे. पण काकू, मी पानांची डॉक्टर." मग एवढा वेळ गुडघा का दाबला, विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही दाखवला म्हणून.

बाई मूळच्या पुण्याच्या. वय पासष्टच्या पुढे, लग्न केलेलं नाही. सगळा जन्म झाडांच्या पानांतल्या शिरा बघण्यात गेला. नोकरीतून निवृत्त झाल्या तेव्हा एक जुना मायक्रोस्कोप घरी घेऊन आल्या आणि तो डायनिंग टेबलावर बसवला. जेवायला जागा उरली नाही, म्हणून जेवण मागे पडलं. केस स्वतः कापायच्या, आरशाशिवाय. बारा महिने लोकरीचे मोजे आणि त्यांच्यावर जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. मोज्याला अंगठ्याजवळ कात्रीनं भोक पाडलेलं, पट्टा जावा म्हणून. कुणी काही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, मोजलं का? आज फार थंडी आहे म्हटलं तरी मोजलं का, आणि भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तरी मोजलं का. स्वतःचं मात्र मोजायच्या नाहीत. त्यांना लहानपणापासून शुगर होती, इंजेक्शनं घ्यायच्या. दंडावर चिकटवायचं एक बटण त्यांना डॉक्टरांनी दिलं होतं, शुगर खाली-वर झाली की ते ओरडायचं. मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावला की नेमकं ओरडतं म्हणून बाईंनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

मी त्यांच्याकडे रोज जाऊ लागले त्याची गंमत मला वर्षभरानं कळली. बाई माझ्या मुलाला म्हणाल्या होत्या, काकूंना दिवसा सोबतीला पाठवाल का? मुलगा मला म्हणाला, आई, त्या एकट्या असतात, जरा लक्ष ठेव. मी सोबत करायला जात होते. तिकडे बाईंची समजूत अशी की, मुलाची आई दिवसभर एकटी पडते म्हणून त्या मला सोबत देतायत. दोघीही उपकार करत होतो. माझ्या गुडघ्याला वळसा पडू नये म्हणून बाईंनी मधल्या कुंपणाच्या दोन फळ्या काढल्या. मुलगा म्हणाला, विचारून तरी काढायच्या. त्यांनी विचारून काढल्या होत्या, पण मला.

बाईंना सगळा रोटोटुना ओळखायचा तो बाबागाडीमुळे. कुणीतरी टाकून दिलेली दोन बाळांची बाबागाडी होती. तिच्यात बाळांच्या जागी वाटाण्याच्या सोळा कुंड्या. पृथ्वीच्या या खालच्या अंगाला ऊन उत्तरेकडून येतं, आणि घरांच्या सावल्या सरकतील तशा बाई गाडी ढकलत रस्त्यानं सरकायच्या. सकाळी आमच्या दारात, दुपारी कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर, म्हणजे किराण्याच्या दुकानासमोर, तीन वाजता पुन्हा वर. नवीन माणसं कौतुकानं वाकून बाळ बघायला जायची. बाई त्यांना वाटाण्याचं वय सांगायच्या. नात माझ्याबरोबर चालायची, पण गाडी दिसली की दुसऱ्या बाजूनं. "शी इज सो वियर्ड, आजी." मी म्हणायचे, असू दे, चोऱ्या तर करत नाही.

मी पुरंदरची. लग्नाआधी वाटाण्याच्या तोडणीला जात होते, चौथीनंतर तेच केलं. त्यामुळे बाबागाडीतल्या वाटाण्याला बघून मला हसू आलं तरी वाटाणा कसा आहे हे मला एका नजरेत कळायचं. पाणी जास्त होतंय, मी सांगायचे. बाई विचारायच्या, मोजलं का? मी बोट मातीत घालून दाखवायचे. तेवढं त्या मानायच्या.

उन्हात न्यायचं कारण त्यांनी मला फोटो दाखवून सांगितलं. फोटो फ्रिजवर लावलेला होता, हजारो पटीनं मोठा केलेला. पान साखर करतं, हे मलाही माहीत होतं. पण ती पानातच राहिली तर मुळांना आणि शेंगांना काय? म्हणून पानाच्या शिरेत नळ्या असतात, साखर त्यांतून खाली जाते. बाई म्हणाल्या, नळी व्हायचं तर आत जागा लागते, म्हणून ती पेशी आपलं डोकंच काढून टाकते. मग तिचा सगळा कारभार शेजारची बघते. साखर गोळा करायची, नळीत चढवायची, नळीला जिवंत ठेवायचं, सगळं तिनंच. मराठी पुस्तकात या शेजारणीला सहपेशी म्हणतात म्हणे. मी म्हटलं, सहपेशी काय, सोबतीण म्हणा. नाव नळीचं आणि राबणार ही, तर निदान तिला माणसासारखं नाव तरी द्या. बाईंनी वही काढून लिहून घेतलं आणि शेजारी माझं नाव लिहिलं. माझं नाव रेशनकार्ड सोडून कुठे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

फोटोत त्या सोबतिणीच्या भिंतीला आतून घड्या पडलेल्या होत्या, एकीला लागून एक. बाईंनी तीस वर्षं त्या घड्या मोजल्या होत्या. मी बघितलं आणि म्हटलं, ह्या तर निऱ्या. बाईंना नऊवारी कशी नेसतात माहीत नव्हतं. मी माझं जुनं लुगडं आणून त्यांच्या ट्रॅकपँटवर नेसवून दाखवलं. खोलीभर कापड कमरेच्या चार बोटांत कसं बसतं, हे त्यांनी स्वतः हात लावून पाहिलं. मग म्हणाल्या, बरोबर आहे काकू, अगदी हेच. भिंत जेवढी लांब तेवढी तिला दारं जास्त, आणि साखर दारांतूनच आत घ्यावी लागते. पेशी मोठी करायला जागा नाही, म्हणून भिंतच दुमडायची. ऊन जास्त मिळालं की पान साखर जास्त करतं, आणि मग निऱ्या वाढतात. म्हणून ती बाबागाडी. लुगडं नेसूनच त्या कुंड्या सावलीतून काढायला बाहेर गेल्या. डेअरीवाल्यानं किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणून हात जोडले.

इथवर आमचं बरं चाललं होतं. भांडण होतं ते गोडावरून.

माझ्या यजमानांना शुगर होती. आधी पायाचं एक बोट गेलं, मग दुसरं. मी घरातला साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि शिडी शेजाऱ्यांकडे ठेवायला दिली. ते खिशात पेढा लपवायचे. सापडला की म्हणायचे, औषधापुरता ठेवलाय गं. मी रोज सकाळी कारलं पिळून द्यायचे. असा माझा पहारा. तो इतक्या वर्षांत अंगवळणी पडला होता.

बाईंच्या घरात तर काय, चोरांचा बाजार. रंगीत जेलीबीन्स गोळ्या बाबागाडीच्या खाली, कपड्यांच्या चिमट्यांच्या पिशवीत, मायक्रोस्कोपच्या पेटीत, कोटाच्या चारही खिशांत. ओट्याखाली गोल्डन सिरपचा डबा, म्हणजे आपला काकवीचा भाऊ. मी सगळं गोळा करून आमच्याकडे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांमागे ठेवायचे. बाई म्हणाल्या, काकू, ते औषध आहे. मी म्हटलं, आमचे हेही असंच म्हणायचे. भांडण बाईंना जमायचं नाही. त्या नवीन आणायच्या, नवीन जागी लपवायच्या, मी शोधायचे. सुनेला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मला येतं ते दुसऱ्याला विचारायची मला सवय नाही.

एकदा त्यांच्या फ्रिजमध्ये पांढरा डबा दिसला. वर बाईंच्या अक्षरात मराठीत लिहिलेलं: मावा, हात लावू नये. इथे मावा मिळत नाही, दुधाच्या पावडरीचा करावा लागतो. शुगरची बाई आणि पाव किलोचा डबा भरून मावा. मी उघडूनही पाहिलं नाही. तसाच नेऊन आमच्या कंपोस्टच्या खड्ड्यात पालथा केला. तेव्हा तो चालायला लागला. हिरवा, बारीक, पायांचा. वाटाण्यावर पडते ती कीड. मी पुरंदरची, मावा मला माहीत नाही असं नाही. पण तो फ्रिजमध्ये कोण ठेवतं?

बाई रागावल्या नाहीत. खड्ड्याशी उकिडव्या बसून त्यांनी ब्रशानं जमतील तेवढे उचलले, बाकीचे गोळा करायला तीन दिवस लोकांच्या परसात फिरल्या. मग मला बोलावून दाखवलं. मावा शिरेतल्या नळीत सोंड खुपसतो. बाईंनी ब्लेडच्या तुकड्यानं मावा कापून टाकला, सोंड तेवढी पानात राहू दिली. तुटक्या सोंडेतून रसाचा थेंब येत राहिला. एक पुसला की दुसरा. "मावा ओढत नाही काकू, झाड ढकलतं," त्या म्हणाल्या. सोबतिणींनी साखर चढवली की नळीत पाणी शिरतं, त्याचा जोर होतो, आणि त्या जोरावर सगळं खालपर्यंत जातं. मी म्हटलं, आणि चढवायला साखरच नसली तर? बाई खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ कुंड्यांच्या पानांना स्वयंपाकाची चंदेरी फॉइल गुंडाळली.

आता बघा, म्हणाल्या. सोबतिणी जागेवर आहेत, दारं उघडी आहेत. पण पान अंधारात, साखर करणार कोण? मुळं मागत बसणार. मग मध्येच म्हणाल्या, माझं इन्शुलिन असंच आहे काकू. ते दारं उघडतं. साखर आणत नाही. ती ताटातून यावी लागते.

मी शेंगा सोलत होते. ऐकलं. पण मला वाटलं, जेलीबीन्स परत मागायचा हा नवा रस्ता. मी म्हटलं, ताटात काय द्यायचं ते मी बघते.

आणि बघत होतेच. रोज सकाळी आठला त्यांचा नाश्ता फळ्यांमधून नेऊन टेबलावर ठेवायचे, म्हणजे मायक्रोस्कोपला सरकवून. त्या दिवशी उपमा होता. ठेवून घरी आले, नातीचा डबा भरला, पूजा केली, कारल्याचा रस काढला. रस मी माझ्यासाठी काढते, मला शुगर नसली तरी. अकराला वाटी हातात घेऊन बाईंकडे गेले तर त्या ओव्हनपाशी बसलेल्या.

अर्धी वाटी पोटात गेल्यावर बाईंनी माझा हात धरला. जीभ जड झाली होती. "काकू, फॉइल काढा."

मला वाटलं वाटाण्याचं बोलतायत. म्हटलं, काढते, आधी हे प्या.

"फॉइल काढा ना."

मी वाटी ठेवायला टेबलाकडे वळले. उपम्याची ताटली होती तिथेच होती. वर मी स्वतः दाबून बसवलेली फॉइल, चारही बाजूंनी जशीच्या तशी. शेजारी इंजेक्शनचं पेन, टोपण काढलेलं. दारं उघडून बसल्या होत्या, आणि ताट झाकलेलं.

मला शाळा नाही, पण एवढं कळायला शाळा लागत नाही. मी गोड शोधायला लागले. ओट्याखाली, चिमट्यांच्या पिशवीत, कोटाच्या खिशांत, मायक्रोस्कोपच्या पेटीत, बाबागाडीखाली. त्या घरात साखरेचा कण नव्हता. मी काम चोख करते.

फळ्यांमधून घरी गेले. गुडघ्याचं काय झालं ते नंतर कळलं. टॉवेल खाली टाकले, सिरपचा डबा घेतला. झाकण निघेना. बाईंच्या ओट्यावर चमच्याच्या दांड्यानं उचकटलं. आधी बोटानं हिरड्यांना लावलं. गिळतायत असं दिसल्यावर थोडं थोडं चमच्यानं. मग अँब्युलन्सचा एक-एक-एक नंबर फिरवला. मला बोलता आलं ते बोलले, लेडी, शुगर, नो ईट, आणि घराचा नंबर आणि रस्ता, तो नातीनं पाठ करून घेतला होता. पलीकडची बाई बोलत राहिली. मला काही कळत नव्हतं, पण तिनं फोन ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही.

अँब्युलन्स यायच्या आधीच बाईंच्या नजरेत बाई परत आल्या. पहिलं वाक्य मी नीट लक्षात ठेवलं आहे. "किती वाजले? वाटाणे सावलीत गेले असतील."

फॉइलचं मी पुढे विचारलं. त्या ताटाबद्दल बोलत नव्हत्या. वाटाण्याबद्दलच बोलत होत्या. अकराला फॉइल काढायची वेळ होती.

सगळीकडे झालं की काकूंनी वाचवलं. मुलानं केक आणला. तिसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन सांगितलं, गोड मी चोरलं होतं, आणि आधी मी तुम्हाला कारलं पाजलं. बाईंनी वही उघडली.

"किती मिली?"

अर्धी वाटी, मी म्हटलं.

"वाटी केवढी?"

मी घरी जाऊन तीच वाटी आणली. बाईंनी तिच्यात मापानं पाणी ओतून मोजलं आणि लिहिलं, वेळेसकट. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी ओतून टाकताना त्यांना वाटीच्या कडेवर कोरलेलं नाव दिसलं. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात. हे कोण, त्यांनी विचारलं.

माझे यजमान.

मग मी ते सांगितलं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. त्या दिवशी संकष्टी होती. त्यांचा कडक उपास. शुगरची गोळी मात्र सकाळी घेतलेली, कारण गोळी चुकवू द्यायची नाही हा माझा नियम. दुपारी बाराच्या सुमाराला घाम सुटला, हात गार पडले, मला आई म्हणून हाक मारायला लागले. मी म्हटलं, बघा, कुठेतरी पेढा खाल्लात. आणि कारल्याची वाटी तोंडाला लावली. संध्याकाळच्या आत गेले. डॉक्टरांनी हृदय लिहिलं.

"त्यांनाही असंच झालं असेल का?" मी बाईंना विचारलं.

दुसरं कुणी असतं तर छे हो, काहीतरीच काय, म्हणालं असतं. माझी सून म्हणाली असती. बाईंनी वाटी पुसली, गोळी कोणती होती विचारलं, किती वाजता घेतली विचारलं. मग म्हणाल्या, "असू शकतं. नसूही शकतं. मोजलं नव्हतं, काकू."

तेवढंच. पाठीवर हात वगैरे काही नाही. वाटी माझ्या हातात दिली आणि कुंड्या फिरवायला गेल्या. मीही मागून गेले. दुसऱ्या बाजूचं हँडल माझ्याकडे होतं.

त्यानंतर जेलीबीन्सची बरणी त्यांच्या टेबलावर उघड राहू लागली आणि मी आल्याबरोबर मोजायला लागले. कमी झाल्या की भरायच्या, एवढं काम. दंडावरचं बटण बाईंनी पुन्हा लावलं. ते ओरडलं की मी कुंपणापलीकडून ओरडायचे. दोन वर्षांपूर्वी भाचीनं त्यांना लांब दक्षिणेला, डनेडिनला नेलं. तिथे ऊन कमी आहे, त्यांची तक्रार असते. बाबागाडी इथेच आहे, तिच्यात मी कोथिंबीर लावते. कुंपणाच्या फळ्या नव्या शेजाऱ्यांनी ठोकून घेतल्या.

एकच वाटी, माझा एकच हात. दोघांना कारलं पाजलं. बाई वाचल्या.